स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे: कोकणातील घरांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

घरातले म्हातारे माणूस तिसऱ्या प्रहरी पडवीत येऊन "बोट इली काय?" असे विचारते, तेव्हा कोणाच्याही तोंडून सहज निघणारे उत्तर म्हणजे, "आये, बोट बंद होऊन किती वर्षे झाली, आता रेल्वे आहे." उत्तर खरे आहे. मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत जाणारी ती प्रवासी बोट आता नाही आणि २६ जानेवारी १९९८पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे. पण विचारणाऱ्या बाईला वाहतुकीची माहिती नको असते. तिला बोटीने येणारे माणूस हवे असते. हा फरक ओळखून पुढचे वाक्य काय बोलावे, हे नव्याने सेवेला लागलेल्यांना सांगण्यासाठी हा लेख आहे, मग तो आईसाठी गावी परतलेला मुलगा असो, सून असो, पगारावर राहिलेली मदतनीस असो किंवा वाडीवर फिरणारी आशा कार्यकर्ती असो.

दुरुस्ती का उपयोगी पडत नाही

नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आजारात फार लवकर इजा पोचते. म्हणून सकाळी प्यालेली पेज दुपारपर्यंत विसरली जाते आणि साठ वर्षांपूर्वीच्या लावणीत कोणाच्या शेतात कोण होते, हे मात्र नावानिशी सांगता येते. भावनेचे गणित वेगळे असते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमर असलेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले हे त्यांच्या लक्षात राहिले नाही, पण उमटलेले दुःख किंवा सुख मात्र त्यानंतरही टिकून राहिले. घरच्या भाषेत सांगायचे तर, आपण म्हातारीला काय समजावले ते ती विसरते, पण कोणीतरी आपल्यावर खेकसले हे मनात घेऊन ती संध्याकाळभर बसून राहते आणि त्याचे कारण तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

पूर्वी तज्ज्ञांचाही भर दुरुस्तीवरच होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९५०च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत सुरू झाली, तिच्यात आजचा वार, तारीख, ठिकाण, ऋतू हे रुग्णाला पुन्हा पुन्हा सांगितले जात असे. विस्मरण नुकतेच सुरू झालेल्या माणसाला भिंतीवरचे कालनिर्णय आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ आजही आधार देते, त्यामुळे ते काढून टाकण्याचे कारण नाही. पण आजार पुढे गेल्यावर तोच उपचार परीक्षेसारखा होतो. नेओमी फाइल या समाजकार्यकर्तीच्या हे ध्यानात आले. १९३२ साली म्यूनिकमध्ये जन्मलेल्या आणि क्लीव्हलँडच्या वृद्धाश्रमात लहानाच्या मोठ्या झालेल्या फाइल यांचे वडील त्याच आश्रमाचे व्यवस्थापक होते. दिशाहीन झालेल्या वृद्धाला आपल्या काळात ओढून आणण्याऐवजी त्याच्या भावनेला मान्यता देणारी पद्धत त्यांनी १९६३ ते १९८० या काळात घडवली आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती जगभर शिकवली.

या पद्धतीविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आयुष्याच्या अखेरीस माणूस मागे राहिलेले हिशेब मिटवत असतो आणि त्यासाठीच तो भूतकाळात जातो, हे फाइल यांचे प्रतिपादन सिद्ध झालेले नाही, आणि उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यालाही या पद्धतीच्या परिणामाबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. तरीही तिच्यातील बोलण्याची तंत्रे घ्यावीत, असे माझे मत आहे. ती फुकट आहेत, निरुपद्रवी आहेत आणि त्यांच्यामुळे निदान घरातली रोजची खडाजंगी थांबते.

पहिली पायरी: अचानक बदल झाला असेल तर आधी डॉक्टर

स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. कालपर्यंत बऱ्यापैकी असलेले माणूस आज एकाएकी बरळू लागले, झोपाळले किंवा कोणालाच ओळखेनासे झाले, तर तो बोलण्याने सुटणारा प्रश्न नाही. लघवीतील जंतुसंसर्ग, ताप, अंगातले पाणी कमी होणे, रक्तातले सोडियम घसरणे, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेले औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. आपल्याकडे वैशाखाच्या उकाड्यात घामाने शरीरातले पाणी जाते आणि म्हातारी माणसे तहान लागली असे सांगत नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवावे. थायरॉइडची कमतरता आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर औषध आहे, म्हणून एकदा रक्ततपासणी झालेलीच असावी.

कान आणि डोळे हेही तपासून घ्यावेत. कानात मळ साचला आहे किंवा मोतीबिंदू पिकला आहे, अशा माणसाशी कितीही कुशलतेने बोलले तरी ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

गावात कोणी "बाहेरचे काही आहे" असे सुचवील. घरच्यांना ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायचे असेल तर जरूर घालावे, त्याने घरच्यांच्या मनाला धीर येतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. अंगणात मेलेली माणसे किंवा लहान मुले उभी दिसतात, असे म्हातारे माणूस वारंवार सांगत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून कळवावे. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात असे भास होतात आणि त्या रुग्णांना मन शांत करण्यासाठी दिली जाणारी काही औषधे घातक ठरू शकतात.

दुसरी पायरी: स्वतः शांत होऊन समोर जावे

रागात किंवा घाईत असताना संवाद सुरू करू नये. दारातच थांबून चारपाच सावकाश श्वास घ्यावेत. हे सांगायला किरकोळ वाटते, पण फाइल यांच्या पद्धतीत हीच सुरुवात आहे, कारण शब्द कळेनासे झालेल्या माणसालाही आवाजातली चीड नेमकी कळते.

मग समोरून जावे, मागून कधीही खांद्यावर हात ठेवू नये. माणूस बाकावर बसले असेल तर आपणही स्टूल ओढून त्याच्या नजरेच्या पातळीला बसावे. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे. पाठीमागे उघडे दार असले की म्हाताऱ्या डोळ्यांना केवळ काळी आकृती दिसते. दूरदर्शन संच बंद करावा. आपण कोण ते स्वतःहून सांगावे: "आये, मी तुझो मधलो झील" (मधला मुलगा). आवाज खालच्या पट्टीतला आणि स्पष्ट ठेवावा, वाक्य लहान असावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजण्याइतका वेळ थांबावे. नवख्या माणसाला हे थांबणे सर्वांत अवघड जाते. तो दोन अंकांनंतर प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो आणि म्हाताऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बोली ज्याची त्याची असावी. मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी विरते आणि लहानपणीची अधिक काळ टिकते, म्हणून मुंबईत चाळीस वर्षे नोकरी केलेला माणूसही या वयात मालवणीत किंवा संगमेश्वरीत उत्तर देतो. घाटावरून आलेल्या मदतनीस बाईने निदान दहावीस शब्द शिकून घ्यावेत. म्हाताऱ्याला आयुष्यभर ज्या नावाने मान मिळाला, तेच नाव वापरावे, गावाने ज्यांना गुरुजी किंवा तात्या म्हटले त्यांना "बाबू, जेवतोस ना?" असे बाळासारखे गोंजारणे हा अपमान आहे आणि तो त्यांना समजतो.

तिसरी पायरी: माणूस कुठल्या अवस्थेत आहे ते पाहावे

फाइल यांनी दिशाहीनतेच्या चार अवस्था मानल्या आहेत. पहिल्या अवस्थेत माणसाला वार, वेळ, माणसे बहुतांशी कळतात, पण तो दुसऱ्यांवर आळ घेतो: सुनेने पाटल्या चोरल्या, शेजाऱ्याने बांध सरकवला. दुसऱ्या अवस्थेत काळाचे भान सुटते आणि नवरा, आई, गिरणी, शाळा हे सगळे आज चालू असल्यासारखे होते. तिसऱ्या अवस्थेत वाक्यांची जागा हालचाली घेतात. चौथ्या अवस्थेत डोळे बहुधा मिटलेले असतात आणि हालचाल जवळजवळ थांबते. एकच माणूस सकाळी पहिल्या आणि दिवेलागणीला दुसऱ्या अवस्थेत असू शकतो, हे मात्र विसरू नये.

हे ओळखण्याचा व्यवहारात एक मोठा उपयोग आहे, तो स्पर्शाबाबत. पहिल्या अवस्थेतला माणूस स्वतःला सावरून धरण्याची धडपड करत असतो, त्याचा हात धरला किंवा "तुम्हाला वाईट वाटतंय का?" असे विचारून त्याच्या मनात शिरू पाहिले तर तो बिथरतो. त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून आदराने, मुद्द्याचेच बोलावे. दुसऱ्या अवस्थेपासून पुढे उलट असते. तळहाताने गालाला किंवा खांद्याला हलका स्पर्श केला की नजर वळते आणि बोलणे सुरू होते. स्पर्शाने अंग आखडले तर हात लगेच मागे घ्यावा.

चौथी पायरी: "का" सोडून बाकी सर्व विचारावे

कोण, काय, कुठे, केव्हा, कसे हे प्रश्न विचारावेत आणि "का" टाळावा. "का" म्हटले की कारण जुळवून सांगावे लागते, आणि नेमकी तीच शक्ती आजाराने नेलेली असते. बोटीच्या प्रश्नाकडे या रीतीने पाहिले तर संवाद साधारण असा होईल.

"बोट इली काय?"
"बोटीची वाट बघतंस, आये? कोण येतला बोटीतून?"
"झिलाचो बापूस."
"ते येताना काय घेऊन येत?"

येथे काही खोटे बोललेले नाही. बोट आली, असेही म्हटले नाही आणि बंद झाली, असेही म्हटले नाही. पुढे पडावातून किनाऱ्यावर कसे उतरत, ट्रंक डोक्यावर कोण घेई, पावसाळ्यात बोटी बंद असत तेव्हा मनिऑर्डर वेळेवर येई का, असे कितीतरी विचारता येते. तिचेच शब्द तिच्याच सुरात परत द्यावेत, म्हणजे ऐकले गेले हे तिला कळते. तिने "फार वाट बघितली" असे म्हटले तर "फार वाट बघायला लागायची," एवढेच पुरे. "अगं, येतील हो" असे वरवरचे सांत्वन करू नये. अशा बोलण्याला पाच ते दहा मिनिटे लागतात. बहुतेक वेळा तेवढ्याने येरझारा थांबतात, कधी थांबत नाहीत.

चोरीच्या आरोपाबाबत दोन शब्द अधिक, कारण यामुळे कोकणातील किती घरांत सासूसुनांचे बोलणे तुटले असेल याची मोजदाद नाही. "मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?" हे उत्तर स्वाभाविक असले तरी ते आरोप पक्का करते. "पाटल्या कशा होत्या? कोणी घडवल्या? शेवटच्या कुठे ठेवल्या होत्या?" असे विचारून बरोबर शोधायला लागावे. दागिना सापडला तर तो त्यांच्याच हाताला लागू द्यावा. सुनेने शोधून आणून दिला तर तिनेच लपवला होता असा अर्थ होतो. मग हळूच विचारावे, "यापेक्षा वाईट असं कधी काही हरवलं होतं?" या प्रश्नावर काही वेळा गहाण पडलेले मंगळसूत्र किंवा वाटणीत गेलेली कलमांची बाग निघते, आणि मग पाटल्यांचा विषय मागे पडतो.

पाचवी पायरी: गरज ओळखून काहीतरी करावे

नुसते ऐकून नेहमी भागत नाही. भूतकाळात गेलेले माणूस बहुधा कोणत्या तरी कामावर निघालेले असते आणि ते काम अडवले की ते हाणामारीवर येते. लालबाग-परळच्या गिरणीत राबलेला म्हातारा पहाटे पाळीला निघण्यासाठी डबा मागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अशा अनेकांचे काम कायमचे नेले आणि ते गावी परतले, तेव्हा त्याला "गिरणी बंद पडली" असे सांगणे म्हणजे ती बातमी पुन्हा पहिल्यांदा देणे होय. त्याऐवजी डब्यात खरोखरच भाकरी भरून द्यावी, कोणत्या खात्यात काम होते, मुकादम कसा होता, ते विचारावे, आणि मग एखादे कष्टाचे, दिसणारे काम पुढे ठेवावे: नारळ सोलून झाल्यावर सोडणे ओढून ढीग करणे, सुंभ वळणे, काजूबिया निवडणे. त्याला डब्यापेक्षाही उपयोगी असणे हवे असते.

"माका घराक जाऊचा आसा," हे स्वतःच्याच घरात बसून सांगणाऱ्या बाईला "हेच तुझं घर" असे म्हणू नये. तिच्या मनातले घर बहुधा माहेर असते, आणि त्या शब्दामागे थकवा, भूक, लघवीला जाण्याची घाई किंवा भीती यांपैकी काहीतरी असते. आधी न्हाणीघराकडे न्यावे, चहा द्यावा. तरीही ती उठलीच तर दार अडवून उभे राहण्यापेक्षा चप्पल घालून बरोबर चालू लागावे, पाणंदीने वळसा घ्यावा, वाटेत घरी कोण कोण आहे ते विचारत राहावे आणि दुसऱ्या बाजूने परत यावे. परसातल्या विहिरीला उंच कठडा किंवा जाळी बसवून घ्यावी आणि वाडीतल्या लोकांना, रिक्षावाल्यांना, एसटी थांब्याजवळच्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे. हे लपवण्यासारखे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे असे माणूस आजूबाजूच्या घरांतही असते.

ही अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते, हे जगभर दिसून आले आहे. आपल्याकडे आषाढात दुपारी तीन वाजताच काळोखते, कौलांवर पावसाचा आवाज चालू असतो आणि दिवस कलला की नाही हे निरोगी माणसालाही कळत नाही. म्हणून पावसाळ्यात अंधारण्यापूर्वीच दिवे लावावेत, भारनियमनासाठी भारित दिवा तयार ठेवावा आणि तुळशीपुढचे निरांजन, शुभंकरोती, चहा हा क्रम रोज त्याच वेळी पाळावा.

मृत जोडीदाराविषयी विचारल्यास

हा सर्वांत कठीण प्रसंग आहे आणि त्यावर तज्ज्ञांचेही एकमत नाही. काही जण "मुंबईला गेलेत, येतील" असे सांगण्याला हरकत घेत नाहीत. मला ते पटत नाही, कारण मनाच्या कुठल्यातरी थरात तिला खरे ठाऊक असते आणि थाप पकडली गेली की आपल्यावरचा विश्वास जातो. "त्यांची आठवण आली? ते घरी आले की काय रांधायची?" असे विचारावे. मात्र तिने डोळ्यांत पाहून "ते गेले ना?" असे थेट विचारले तर "होय आये, गेले," असे एकदाच, मृदूपणे सांगावे आणि तिच्यापाशी बसून रडू द्यावे. विचारले नसताना दररोज ती बातमी देणे मात्र क्रूरपणाच आहे.

शब्द संपल्यावर

तिसऱ्या अवस्थेतली बाई तासन्‌तास बोटे हलवत असेल तर नीट पाहावे. ती भाताचा तरवा काढून मुठी बांधत असते, जाते ओढत असते, किंवा कोळीवाड्यातली असेल तर मासळी निवडत असते. समोर बसून तीच हालचाल त्याच वेगाने करावी. वेड्यावाकड्या नकलेसारखे ते होऊ नये, म्हणून आधी तिच्या श्वासाची लय पकडावी. अनेकदा ती वर पाहते, हसते, क्वचित एखादा शब्दही उच्चारते.

गाणे याहून सोपे आहे. स्वतःचे नाव न सांगू शकणारे माणूस गणपतीची आरती मात्र न अडखळता म्हणते, कारण सुरांची स्मृती फार उशिरापर्यंत शाबूत राहते. जात्यावरच्या ओव्या, भजनाचे अभंग, शिमग्यात पालखी दारी आल्यावरचे ढोल, दशावतारातली पदे, यांपैकी त्या घरचे जे असेल ते आपण सुरू करावे आणि अर्ध्यावर थांबून पुढची ओळ त्यांच्यासाठी सोडावी. चौथ्या अवस्थेतही न्हाऊ घालताना, कूस बदलताना, आता काय करणार आहोत ते नावाने हाक मारून सांगत राहावे.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा

या दिवसांत घर भरते आणि प्रत्येक जण म्हाताऱ्यापुढे वाकून "मला ओळखलंस? सांग बघू मी कोण?" असे विचारतो. दहाव्या माणसापर्यंत म्हातारे रडकुंडीला येते. सेवा करणाऱ्याने आधीच फोनवर बजावून ठेवावे की, पाया पडताना नाव आणि नाते स्वतः सांगावे, एका वेळी दोघांहून अधिक जणांनी खोलीत जाऊ नये, चुकीचे नाव घेतले तरी ओ द्यावी आणि आरतीच्या झांजा असह्य झाल्या तर त्यांना माजघरात न्यावे. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाला आईने स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली की दुःख होते. त्याला हेही सांगावे की माणूस आपले आहे एवढे तिने ओळखले आहे.

नोंदवही आणि मदत

एक शंभरपानी वही ठेवावी. तिच्यात पहिल्या पानांवर माहेरचे गाव, भावंडांची नावे, नोकरी, आवडीची गाणी, गेलेली मुले, जुनी भांडणे, हे गावातल्या वयस्करांना विचारून लिहावे, यावाचून "बोटीतून कोण येणार?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याला समजणारच नाही. पुढे रोज काय विचारले, कोणत्या वेळी, आपण काय बोललो आणि काय उपयोगी पडले याच्या दोन ओळी पुरेत. बदलीची बाई आली की तिला ही वही आधी वाचायला द्यावी आणि डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यावी.

सेवा करणाऱ्याची झोप सलग काही रात्री होत नसेल, हात उगारावासा वाटत असेल किंवा म्हातारे माणूस कशानेच शांत होत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला बसवून बाहेर पडावे आणि बाहेरची मदत घ्यावी. रत्नागिरीला शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकून तेथे जाणे टाळू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. दुसऱ्या क्रमांकावर सेवा करणाऱ्यालाही स्वतःच्या थकव्याविषयी बोलता येते.